नियमाचा हयातीचा दाखला



आजचा विषय 'रोजची कामं यंत्रावर सोपवताना' असा पत्रिकेत छापला आहे. हा विषय मी सुचवला तेव्हा संयोजकांना थोडं नवल वाटलं. तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस मोबाईल आणि संगणकावर काय बोलणार? पण असं बघा, संगणकाला एखादं काम आपोआप करायला लावणं म्हणजे एक नियम लिहिणं. आणि नियम कुणाला लागू होतो, कधी लागू होतो, दोन अटी एकत्र आल्या तर अर्थ कसा लावायचा, नियम पाळायचा राहिला तर पुढे काय, या प्रश्नांवर आपल्याकडच्या मीमांसकांनी शतकानुशतकं काथ्याकूट केलेला आहे. तेव्हा मी परक्या प्रांतात घुसलोय असं समजू नका.

स्वयंचलन हा शब्द उगाच भारदस्त वाटतो. त्याचे साधे तीन भाग असतात. पहिलं निमित्त, म्हणजे काय घडलं की काम सुरू व्हावं. दुसरी अट, म्हणजे कोणत्या परिस्थितीत व्हावं. तिसरी कृती, म्हणजे नेमकं काय करावं. "रात्रीचे अकरा वाजले, आणि फोन चार्जरला लावलेला असेल, तर दिवसभरातल्या फोटोंची प्रत काढून ठेव." यात अकरा वाजणं हे निमित्त, चार्जर ही अट आणि प्रत काढणं ही कृती. एवढंच. पहाटे पाचचा गजर लावणारा प्रत्येक माणूस हे करतच आलेला आहे. गजराच्या घड्याळात अट लिहायची सोय नव्हती, ती आता आली.

आता निमित्तांचे प्रकार पाहू. मीमांसेत कर्माचे तीन प्रकार सांगितलेत, ते तुमच्यापैकी अनेकांना माहीत असतील. नित्य कर्म म्हणजे ठरल्या वेळी करायचंच, जसं संध्या किंवा अग्निहोत्र. नैमित्तिक म्हणजे काही घडलं तर करायचं. ग्रहण लागलं तर स्नान, मूल जन्माला आलं तर जातकर्म. आणि काम्य म्हणजे विशिष्ट फळाची इच्छा असेल त्यानेच करायचं. पाऊस हवा असेल तर कारीरी इष्टी. गंमत अशी की फोनमधलं किंवा संगणकातलं कोणतंही स्वयंचलन घ्या, ते या तीनपैकी एका खणात अगदी चपखल बसतं.

नित्याचं उदाहरण म्हणजे वेळापत्रकाने चालणारी कामं. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्स नावाची प्रणाली तयार झाली. तिच्यात १९७०च्या दशकात क्रॉन नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आला. त्याला एका ओळीत पाच गोष्टी सांगायच्या: मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. पुढे कोणतं काम करायचं ते लिहायचं. बस्स. जगातले असंख्य सर्व्हर आजही याच पद्धतीने मध्यरात्री उठून आपली साफसफाई करतात. विंडोजमध्ये याच कामासाठी टास्क शेड्यूलर आहे. तुमच्या संगणकात तो आत्ताही आहे, आणि तुम्ही कधी उघडला नसला तरी त्यात कितीतरी कामं लावलेली दिसतील.

नैमित्तिकाचं उदाहरण म्हणजे ई-मेलची चाळणी. वीज मंडळाचं पत्र आलं की ते 'बिलं' या कप्प्यात टाक. फोन गाडीच्या ब्लूटूथला जोडला गेला की नकाशा उघड. २०११ साली इफ्ट नावाची एक सेवा सुरू झाली. तिचं नावच मुळी 'हे झालं तर ते कर' या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरं जोडून बनवलेलं आहे. अँड्रॉइडवर टास्कर नावाचं ॲप जुनं आणि पुष्कळ खोल आहे. सॅमसंगच्या फोनमध्ये 'मोड्स अँड रूटीन्स' आहे. आयफोनमध्ये २०१८पासून 'शॉर्टकट्स' आलं. नावं वेगळी असली तरी व्याकरण एकच.

काम्य म्हणजे आपण बटण दाबू तेव्हाच चालणारं. एक्सेलमधला मॅक्रो घ्या. किंवा त्याहून सोपी गोष्ट, जी मी इथल्या प्रत्येकाला आज घरी गेल्यावर करून बघायला सांगेन. फोनच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये वैयक्तिक शब्दकोश असतो. तिथे 'घप' या दोन अक्षरांसमोर तुमच्या घरचा पूर्ण पत्ता लिहून ठेवा. मग कुणी पत्ता विचारला की 'घप' टाइप करायचं, पत्ता समोर येतो. ज्यांना मराठी टंकताना जोडाक्षरांशी झगडावं लागतं, त्यांना याचं मोल लगेच कळेल.

हे सगळं करावं का? जरूर करावं. सोसायटीचं सचिवपद कुणी भूषवलं असेल तर त्याला विचारा. साठ सदनिका, दर महिन्याला साठ पावत्या. एक पावती हाताने करायला चार मिनिटं धरली तरी महिन्याचे चार तास झाले, वर्षाचे अठ्ठेचाळीस. एक्सेलमधली यादी आणि वर्डमधला पावतीचा नमुना मेलमर्जने जोडला की हेच काम चहाचा कप संपायच्या आत होतं. शिवाय नाव एकाचं आणि रक्कम दुसऱ्याची, ही गडबडही टळते. जे काम दर वेळी सारखंच आहे, ज्यात डोकं लागत नाही पण चूक मात्र होऊ शकते, असं काम माणसाने हाताने करत बसण्यात कसलंही पुण्य नाही. ॲरिस्टॉटलने म्हटलं होतं की धोटे आपणहून विणू लागले तर मालकांना गुलामांची गरज उरणार नाही. त्याच्या दृष्टीने ती अशक्य कोटीतली गोष्ट होती. आपल्या खिशात तो धोटा आलेला आहे, तर वापरायला हरकत कसली?

हरकत नाही, पण जाण हवी. आणि पहिली जाण ही की यंत्र नियमाचा शब्द पाळतं, हेतू नाही.

साधं उदाहरण घेऊ. समजा तुम्हाला दर महिन्याच्या अखेरीस एक काम करायचं आहे. तुम्ही लिहिलंत, 'दर महिन्याच्या ३१ तारखेला'. वर्षात हे काम किती वेळा होईल? बारा नाही, सात. बाकीच्या पाच महिन्यांना ३१ तारीखच नाही, तेव्हा त्या महिन्यांत यंत्र गप्प बसेल. त्याच्या लेखी काहीही चुकलेलं नाही. घरातल्या कामाच्या मुलाला तुम्ही हेच सांगितलं असतं तर त्याने तीस तारखेला येऊन विचारलं असतं, "काका, या महिन्यात आजच करू ना?" हे विचारणं म्हणजे शब्दामागचा हेतू ओळखणं. ते नियमात लिहिलेलं नव्हतं, ते त्या मुलापाशी होतं.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. क्रॉनमध्ये तारीख आणि वार या दोन्ही जागा भरल्या तर अर्थ काय होतो? आपल्याला वाटेल, ती तारीखही असली पाहिजे आणि तो वारही. तसं नाही. पारंपरिक क्रॉनमध्ये दोन्ही जागा भरल्या की दोहोंपैकी एक जुळलं तरी काम होतं. आता कल्पना करा की क्रॉनला तिथी कळते, आणि आपण लिहिलं, 'संकष्टी, मंगळवार'. आपल्या मनात अंगारकी, वर्षातून मोजक्या वेळा येणारी. क्रॉन मात्र प्रत्येक संकष्टीला आणि शिवाय प्रत्येक मंगळवारी मोदक वळायला बसेल! 'आणि' व 'किंवा' यांतला फरक तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवताना मुलं कंटाळायची. इथे तोच फरक उकडीच्या रूपाने समोर येतो.

तिसरा प्रश्न: ठरलेली वेळ चुकली तर? संगणक त्या वेळी बंदच असेल तर? साधं क्रॉन म्हणतं, वेळ गेली, विषय संपला. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये एक चौकोन असतो, त्यावर टिचकी मारली तर 'वेळ चुकल्यास पुढे शक्य तितक्या लवकर चालव' असा अर्थ होतो. धर्मशास्त्राच्या अभ्यासकांना इथे हसू येईल. नित्य कर्म राहिलं तर प्रत्यवाय, म्हणजे दोष, आणि त्यावर प्रायश्चित्त, याचा केवढा विचार आपल्याकडे झाला आहे. नियम करणाऱ्याने नियम मोडण्याचाही विचार आधीच केला पाहिजे, हे त्यांना ठाऊक होतं. आपण फोनमध्ये नियम लावताना तेवढंही विचारत नाही.

आणि काही नियम तर आपण लावलेलेच नसतात. एक्सेलचं उदाहरण प्रसिद्ध आहे. एखादी गोष्ट तारखेसारखी दिसली की एक्सेल आपणहून तिची तारीख करून टाकतं. मानवी जनुकांना शास्त्रज्ञ छोटी नावं देतात. त्यांतल्या एकाचं नाव होतं मार्च १, दुसऱ्याचं सेप्ट १. संशोधकांनी ही नावं तक्त्यात भरली की एक्सेल त्यांचं एक मार्च आणि एक सप्टेंबर करून मोकळं व्हायचं. २०१६ साली झालेल्या एका तपासणीत, एक्सेलमधल्या जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका सापडल्या. अखेर २०२०मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नावंच बदलली. मार्च १ झालं मार्चएफ १, आणि सेप्ट १ झालं सेप्टिन १. विचार करा, यंत्राची सवय बदलेना म्हणून विज्ञानाने आपली परिभाषा बदलली. असलं रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ साली आली.

आपल्या फोनमध्येही असे न लावलेले नियम असतात. व्हॉट्सॲपवर येणारा सुप्रभातचा प्रत्येक गुलाब आपोआप उतरवून घेतला जातो, कारण तसा नियम आधीपासून चालू असतो. तो सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे फोटोंची. अनेकांची समजूत असते की फोटो 'वर' गेले आहेत, आता फोनमधले काढून टाकले तरी चालतील. पण बऱ्याच सेवांमध्ये फोन आणि वरचा साठा यांचा मेळ राखला जातो, म्हणजे इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. मेळ राखणं हा आरसा आहे. आपल्याला हवी असते तिजोरी. नातवाचे पहिल्या वर्षाचे फोटो ज्याला जपायचे आहेत त्याने आपल्याकडे आरसा आहे की तिजोरी, एवढं तरी घरातल्या जाणत्याला विचारून घ्यावं.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. कोणतं काम सोपवावं आणि कोणतं नाही, याला काही निकष आहे का?

आपल्या सगळ्यांच्या घरी सत्यनारायण झालेला आहे. गुरुजी मंत्र म्हणतात, मांडणी सांगतात. मोठ्या यज्ञात तर बहुतेक सगळ्या क्रिया ऋत्विजच करतात. यजमान दक्षिणा देऊन त्यांना नेमतो आणि फळ मात्र यजमानाला मिळतं. हे कसं काय, हा मीमांसकांपुढचा खराखुरा प्रश्न होता. कर्म एकाने केलं आणि फळ दुसऱ्याला, हा कुठला न्याय? त्यांचं उत्तर थोडक्यात असं, की बाकीच्या क्रिया मोल देऊन दुसऱ्याकडून करवून घेता येतात, पण काही गोष्टी यजमानाच्याच. आपल्या वस्तूवरचा हक्क सोडायचा तो त्यानेच. आपल्या घरच्या पूजेतही बघा, पळीभर पाणी ताम्हनात सोडून संकल्प यजमान करतो, गुरुजी त्याच्या वतीने तो करत नाहीत. क्रिया सोपवता येते, संकल्प सोपवता येत नाही.

माझ्या मते फोनच्या बाबतीतही हीच रेषा आहे. वीजबिल भरणं ही क्रिया आहे. ते मी भरलं, मुलाने भरलं की यंत्राने, मंडळाला फरक पडत नाही आणि मलाही पडत नाही. पण मित्राची पत्नी गेली आणि मी त्याला दोन ओळी लिहिल्या, तर त्या ओळींचं सगळं मोल मी लिहिल्या यात आहे. त्या ओळी यंत्राने माझ्या नावाने पाठवल्या तर निरोप पोचेल, पण मी पोचलो नसेन. म्हणून पहिला निकष असा: 'हे काम दुसऱ्या कुणी माझ्या नावाने केलं, आणि समोरच्याला ते कळलं, तर चालेल का?' चालेल असं उत्तर आलं तर खुशाल सोपवा. समोरच्याला कळू नये असं वाटलं, तर सोपवू नका.

दुसरा निकष परतीच्या वाटेचा. झालेलं काम मागे घेता येतं का? पत्र चुकीच्या कप्प्यात गेलं तर काढून आणता येतं. फाईल कायमची पुसली, पैसे पाठवले, संदेश पोचला, तर परत फिरता येत नाही. आयफोनच्या शॉर्टकट्समध्ये प्रत्येक स्वयंचलनासाठी एक निवड द्यावी लागते: लगेच चालव, की आधी विचारून चालव. हा प्रश्न विचारणाऱ्याने फार शहाणपणाचं काम केलं आहे. परतीची वाट नसेल तिथे 'आधी विचार' हेच उत्तर द्यावं.

तिसरा निकष सरावाचा. लिझॅन बेनब्रिज नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली स्वयंचलनातल्या विरोधाभासांवर एक निबंध लिहिला. त्या बोलत होत्या मोठ्या कारखान्यांतल्या प्रक्रियांबद्दल. त्यांचा मुद्दा असा की सोपी कामं आपण यंत्राला देतो आणि अवघड प्रसंग माणसासाठी राखून ठेवतो. पण रोजचं सोपं काम हातातून गेलं की माणसाचा सराव जातो, आणि मग नेमका अवघड प्रसंग आला की सराव नसलेला माणूस त्याला तोंड द्यायला उभा असतो. घरातही हेच होतं. सगळी बिलं, विमा, गॅसची नोंदणी एकट्या घरधन्याने फोनवर लावून ठेवलेली असते. काही वर्षं सुरळीत चालतं. तो आजारी पडतो किंवा जातो, आणि मागे राहिलेली बाई म्हणते, "हे सगळं हेच बघायचे हो, मला यातलं काहीच माहीत नाही." पूर्वी बिल भरायला रांगेत उभं राहावं लागायचं म्हणून निदान रांग कुठे असते ते घरात सगळ्यांना ठाऊक असायचं.

इथे मला आपल्या रिझर्व्ह बँकेच्या एका नियमाचं कौतुक करायचं आहे. कार्डावरून किंवा यूपीआयवरून दर महिन्याला आपोआप पैसे कापले जाण्याची परवानगी आपण देतो, त्याला ई-मँडेट म्हणतात. यूपीआयवर ही सोय जुलै २०२०मध्ये आली. ठरावीक काळाने कापल्या जाणाऱ्या रकमांबाबतची रिझर्व्ह बँकेची चौकट १ ऑक्टोबर २०२१पासून पूर्णपणे अमलात आली. ती काय सांगते? परवानगी देताना ग्राहकाची जास्तीची ओळखपडताळणी हवी. पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी त्याला सूचना गेली पाहिजे. परवानगी कधीही मागे घेता आली पाहिजे. आणि ठरावीक रकमेच्या वर दर वेळी नव्याने संमती हवी. ती मर्यादा आधी पाच हजार होती, जून २०२२मध्ये पंधरा हजार झाली. विमा, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांच्यासाठी डिसेंबर २०२३मध्ये ती एक लाखापर्यंत नेली. हे नियम आले तेव्हा कटकट म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. पण यात एक तत्त्व आहे: क्रिया आपोआप होईल, पण करण्याआधी तुला हटकलं जाईल, आणि तुझा 'नाही' म्हणण्याचा हक्क शाबूत राहील. वर सांगितलेला यजमानाचा अधिकार तो हाच.

तरीही या उत्तम नियमाला एक भोक आहे. ते भोक रिझर्व्ह बँकेचं नाही, आपल्या मर्त्यपणाचं आहे. चोवीस तास आधीची सूचना ज्या फोनवर जाते तो फोन कपाटाच्या खणात बंद पडलेला असेल तर? माणूस गेला. बँकेला कळवायचं राहिलं. त्याने हौसेने घेतलेली चित्रपटांची वर्गणी, मासिकाची वर्गणी, कुठल्याशा साठवणुकीचे दरमहा एकशे तीस रुपये, सगळं वेळच्या वेळी जात राहतं. यंत्राकडून एक दिवसाचाही हलगर्जीपणा होत नाही. कॅलेंडरही दर वर्षी त्याच्या वाढदिवशी मित्रांच्या फोनवर वाजतं. कुणी आपोआप शुभेच्छा पाठवण्याचा नियम लावलेला असेल तर त्या शुभेच्छाही जातात. एखाद्या सकाळी त्याची मुलगी खणातला फोन चालू करते आणि तिला बाबांसाठी आलेलं 'जीवेत शरदः शतम्' दिसतं.

मला आज जे सांगायचं आहे ते या एका चित्रात आहे. नियम त्याच्या हेतूपेक्षा जास्त जगतो. माणूस करतो ते काम माणसाबरोबर थांबतं. नियमाला मात्र कुणीतरी थांबवावं लागतं, आणि ज्याला तो आठवतो असा माणूस तेव्हा असेलच असं नाही.

यावर उपाय काय? उपाय आमच्यासारख्या निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना तोंडपाठ आहे! केंद्र सरकारच्या निवृत्तांना दर वर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. ऐंशी ओलांडलेल्यांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो. आता यासाठी बँकेत जाऊन बसावं लागतंच असं नाही. १० नोव्हेंबर २०१४पासून 'जीवन प्रमाण' ही डिजिटल पद्धत आहे, आणि २०२१पासून फोनच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा दाखवूनही काम होतं. "मी जिवंत आहे हे सांगायला पुरावा कसला मागता?" असं म्हणून आपण त्यावर विनोद करतो. पण त्यामागचं शहाणपण बघा. पैसे दरमहा आपोआप जमा होतात, मात्र वर्षातून एकदा ती साखळी मुद्दाम थांबवून विचारलं जातं: ज्याच्यासाठी हे चाललंय तो आहे ना?

माझी सूचना अशी की हीच पद्धत आपण उलटी लावावी. सरकार माणसाकडे हयातीचा दाखला मागतं, आपण नियमांकडे मागू या. दर वर्षी नोव्हेंबरमध्ये, स्वतःचा दाखला दिला की त्याच दिवशी, एक तास काढायचा. एक वही घ्यायची, कागदाची. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे नावाचा भाग असतो, तो उघडायचा. बँकेतल्या स्थायी सूचना बघायच्या. कार्डावरच्या वर्गण्या बघायच्या. ई-मेलच्या चाळण्या, कॅलेंडरमधल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या नोंदी, फोनमधली रूटीन्स, संगणकातल्या ठरवलेल्या सफाया, सगळ्यांची यादी करायची. प्रत्येकापुढे तीन रकाने: हे काय करतं, कशासाठी लावलं होतं, बंद कसं करायचं. मधल्या रकान्यात काही सुचलं नाही तर तो नियम हयात नाही असं समजून बंद करायचा. आणि ही वही घरातल्या दुसऱ्या माणसासमोर वाचायची, निदान एक बिल त्या माणसाकडून हाताने भरवून घ्यायचं. पासवर्ड त्यात लिहू नका, पण ते कुठे ठेवलेत हे घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला माहीत असू द्या.

एक तासाचं काम आहे. यंत्राने आपले वर्षाचे अठ्ठेचाळीस तास वाचवले असतील, तर त्यांतला एक आपण त्याच्यावर लक्ष ठेवायला द्यावा, हा काही वाईट व्यवहार नाही. आणि हा एक तास मात्र कोणत्याही ॲपवर सोपवू नका, कारण संकल्प पुन्हा सोडण्याचा तास तो हाच.

इथे माझं विवेचन संपलं. एक-दोन प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न: सर, आमचा मुलगा परदेशात असतो. त्याने फोनमध्ये असं लावून ठेवलंय की रोज सकाळी सात वाजता आम्हाला 'बरे आहात ना?' असा संदेश येतो, आणि आम्ही उत्तर दिलं नाही तर त्याला कळतं. हे तुमच्या निकषात बसतं का?

उत्तर: चांगला प्रश्न आहे. पहिला निकष लावू. तो संदेश आपोआप येतो हे तुम्हाला माहीत आहे? आहे ना. मग त्यात फसवणूक नाही. तो संदेश म्हणजे मुलाचं बोलणं आहे असं तुम्हीही समजत नाही. ती दाराची घंटा आहे. आणि उत्तर आलं नाही तर त्याला कळतं, म्हणजे अवघड प्रसंगी माणूसच पुढे येणार आहे. माझ्या मते मुलाने विचार करून लावलेला हा नियम आहे. फक्त रविवारी तो फोन करतो की नाही, ते बघा. करतो? मग काही काळजी नाही. घंटा यंत्राने वाजवावी, गप्पा त्याने माराव्यात.

वेळ संपल्याची खूण अध्यक्षांनी केली आहे, आणि तीही हाताने. तेव्हा थांबतो.